चेंडू, जिलेटिन आणि ‘मी ठीक आहे’ : मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याचा इतिहास

भारतीय क्रिकेटमधील शौर्यकथांत १९८१ सालच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला मानाचे स्थान आहे. सिडनीच्या कसोटीत संदीप पाटील ६५ धावांवर असताना लेन पॅस्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानाजवळ आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पाटील खेळपट्टीवर कोसळले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीला उतरले, आणि त्याच महिन्यात ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी १७४ धावा केल्या. ही गोष्ट आपल्या घराघरांत कौतुकाने सांगितली जाते, आणि त्या १७४ धावांचे कौतुक रास्तच आहे. परंतु आजच्या नियमांनुसार सिडनीतला दुसरा डाव खेळण्याची परवानगी त्यांना बहुधा मिळाली नसती. चाळीस वर्षांत नेमके काय बदलले? माणसांचे धैर्य कमी झाले, की मेंदूविषयीचे ज्ञान वाढले?

उत्तर थोडे अनपेक्षित आहे. त्या दुखापतीमागचे मूलभूत भौतिकशास्त्र १९८१ मध्येही नवे नव्हते. ते १९४३ सालीच प्रसिद्ध झाले होते. प्रयोगशाळेतले हे ज्ञान मैदानावरच्या पोरांपर्यंत पोहोचायलाच साठ-सत्तर वर्षे लागली, आणि आपल्याकडच्या बहुतांश मैदानांवर ते अजूनही पोहोचायचे आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीला तडा गेला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. ही दुखापत डोळ्यांना दिसणारी होती. तिच्या गांभीर्याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. कन्कशन म्हणजे मेंदूला बसणारा हादरा ही निराळी गोष्ट आहे. त्यात बहुतेक वेळा हाड मोडत नाही, रक्त दिसत नाही, सीटी स्कॅनमध्येही सहसा काही सापडत नाही. बहुसंख्य खेळाडूंची तर शुद्धही हरपत नाही. थोडी डोकेदुखी, गरगरणे, प्रकाश सहन न होणे, आताच घडलेले न आठवणे, विचारांवर धुके पसरल्यासारखे वाटणे, अशी ही लक्षणे ‘चल, ऊठ, काही झालेले नाही’ या एका वाक्याने झटकून टाकता येतात. धोका नेमका त्या झटकण्यात आहे.

मेणाची कवटी, जिलेटिनचा मेंदू

या शास्त्राचा एक धागा ऑक्सफर्डला सुरू होतो. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मज्जाशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यातील निरोप्ये मोटारसायकलस्वार डोक्याच्या दुखापतींनी मोठ्या संख्येने मरताना केर्न्स यांनी पाहिले, आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या महत्त्वावर शोधनिबंध लिहिला. त्यानंतर ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

केर्न्स यांच्यासोबत ए. एच. एस. होलबर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ काम करीत असत. शल्यचिकित्सा विभागात भौतिकशास्त्रज्ञाने काय करावे, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी त्यांचे काम हे उत्तम उत्तर आहे. होलबर्न यांनी मेणाची कवटी तयार केली आणि तिच्यात मेंदूच्या जागी जिलेटिन भरले. जिलेटिन पारदर्शक असते. त्यावर ताण आला की ध्रुवीकृत प्रकाशातून पाहताना त्यात पट्टे उमटतात. पट्टे जिथे दाट, तिथे विकृती अधिक. मेंदू उघडून पाहण्याची गरज न पडता, डोक्याला झटका बसल्यावर आत कुठे किती ओढाताण होते, ते या युक्तीने डोळ्यांना दिसू लागले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा दोन राशींच्या तुलनेत आहे. मेंदू सर्व बाजूंनी दाबला तर तो जवळजवळ पाण्याइतकाच दाद देत नाही. त्याचा आकारमान-स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे २ अब्ज पास्कल आहे. परंतु त्याच मेंदूचे थर एकमेकांवर सरकवायला अत्यंत कमी बल पुरते. त्याचा कर्तन गुणांक केवळ काही हजार पास्कलच्या घरातला आहे. म्हणजे मेंदू दाबाला जेवढा प्रतिकार करतो, त्याच्या लाखो पटींनी कमी प्रतिकार तो सरकण्याला करतो.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यायचे तर खरवसाचे घ्यावे. काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात खरवस असेल, तर डबा सरळ पुढे ढकलून थांबवल्याने त्याला फारसे काही होत नाही, कारण त्याला जायला जागाच नसते. परंतु तोच डबा झटक्यात गर्रकन फिरवला तर भिंतीलगतचा थर डब्याबरोबर फिरतो, मधला भाग जडत्वामुळे मागे राहतो आणि आतल्या आत भेगा पडतात. होलबर्न यांचे प्रतिपादन हेच होते: मेंदूच्या हादऱ्याचा मुख्य गुन्हेगार सरळ रेषेतला धक्का नसून डोक्याला मिळणारी अचानक फिरकी, म्हणजेच कोनीय त्वरण, हा आहे.

पुढचा पुरावा हळूहळू जमत गेला. १९४१ मध्ये डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते की, डोके हलायला मोकळे असेल तर हादरा सहज बसतो. तेच डोके घट्ट जखडून ठेवले तर तो घडवणे फार अवघड जाते. १९४६ मध्ये प्युडेन्झ आणि शेल्डन यांनी माकडाच्या कवटीच्या वरच्या भागाऐवजी पारदर्शक प्लास्टिक बसवून, आघातानंतर मेंदू कवटीच्या आत कसा मागे राहतो आणि फिरतो, याचे चित्रीकरण केले. १९७४ मध्ये अयूब ओमाया आणि थॉमस जेनारेली यांनी माकडांच्या एका गटाच्या डोक्याला केवळ सरळ रेषेतले त्वरण दिले आणि दुसऱ्या गटाच्या डोक्याला फिरकी दिली. शुद्ध हरपली ती फिरकी मिळालेल्या गटात. ओमाया यांचा जन्म अविभाजित हिंदुस्थानातल्या पंजाबचा, शिक्षण लाहोर आणि ऑक्सफर्डचे. उपखंडातल्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे असे आहे. या प्रयोगांत प्राण्यांना जे सोसावे लागले त्याविषयी आज आपल्याला अस्वस्थ वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातून मिळालेले ज्ञान वापरात न आणणे हा त्या किमतीचा दुहेरी अपव्यय ठरेल.

या भौतिकशास्त्रातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खेळाडूंना शिकवण्याजोगे आहेत. पहिला असा की, डोक्यावर प्रत्यक्ष आघात झालाच पाहिजे असे नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मागून ओढल्यावर मान झटकन मागे गेली, तरी मेंदूला हादरा बसू शकतो. दुसरा असा की, हेल्मेट कवटीचे रक्षण उत्तम करते, कारण त्यातला मऊ थर थांबण्याचा काळ वाढवतो आणि बल मोठ्या क्षेत्रफळावर पसरवतो. मात्र फिरकी तेवढ्या प्रमाणात रोखणे त्याला जमत नाही. हेल्मेट घालायलाच हवे. पण हेल्मेट होते म्हणून हादरा बसला नसेल, हे अनुमान चुकीचे आहे.

पेशींचा हिशेब

मेंदूतल्या चेतातंतूंची जाडी साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. झटक्याने ते ताणले की त्यांच्या आवरणातून पोटॅशियमचे आयन बाहेर आणि कॅल्शियमचे आत धावतात. हा असमतोल पूर्ववत करणाऱ्या आण्विक पंपांना भरमसाट ऊर्जा लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र मंदावतो. मागणी चढलेली आणि पुरवठा घटलेला, असा हा ऊर्जेचा दुष्काळ काही दिवस टिकतो. २००१ मध्ये गिझा आणि होव्हडा यांनी मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे हे चित्र मांडले. या अवस्थेत मेंदू वरकरणी चालू असतो, परंतु दुसरा धक्का सोसण्याची त्याची ऐपत नसते.

अशा दुसऱ्या धक्क्याने क्वचित प्रसंगी अनर्थ होतो, हे १९७३ मध्ये श्नायडर यांनी तरुण खेळाडूंच्या मृत्यूंवरून नोंदवले होते. १९८४ मध्ये साँडर्स आणि हार्बो यांनी त्याला ‘दुसऱ्या आघाताचा लक्षणसमूह’ हे नाव रूढ केले. पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा बसला की मेंदूला झपाट्याने सूज येते. हा प्रकार दुर्मीळ आहे आणि त्याच्या नेमक्या यंत्रणेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु नोंदवलेल्या घटनांत किशोर आणि तरुण खेळाडूच प्रामुख्याने आढळतात.

ज्ञान होते, मैदानात नव्हते

एवढे ठाऊक असूनही मैदानावरची पद्धत फार काळ ढिली राहिली. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या १९९७ सालच्या मार्गदर्शनातही, सौम्य हादऱ्याची लक्षणे १५ मिनिटांत निवळली तर खेळाडूने त्याच सामन्यात परतायला हरकत मानलेली नव्हती.

त्यानंतर वर्षभराच्या आतच भारताने एक खेळाडू गमावला. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामन्यात रमण लांबा शॉर्ट लेगला क्षेत्ररक्षण करीत होते. षटकातले मोजकेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट मागवले नाही. जोरकस फटका त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. नंतर प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी, वयाच्या ३८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. ही कन्कशनहून वेगळी आणि अधिक भयंकर दुखापत. पण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत हा फरक ओळखता येत नाही. जखमी माणूस चालला, बोलला, हसला, म्हणून तो सुरक्षित आहे असे ठरत नाही. प्रत्येक संशयित हादऱ्याकडे गांभीर्याने पाहण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

मग खेळाडू स्वतः का सांगत नाहीत? मॅक्रिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या १,५३२ शालेय फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. हंगामात हादरा बसलेल्यांपैकी निम्म्याहून कमी, ४७.३ टक्के मुलांनीच तो कोणाला तरी सांगितला होता. न सांगण्याची प्रमुख कारणे तीन होती: दुखापत एवढी गंभीर वाटली नाही, सामना सोडायचा नव्हता, आणि हा हादरा असू शकतो हेच ठाऊक नव्हते. पहिले आणि तिसरे कारण अज्ञानाचे आहे. ते शिकवून दूर करता येते. दुसरे कारण इच्छेचे आहे, आणि ते केवळ माहितीने हटत नाही.

दोन मुलांच्या नावांनी झालेले दोन कायदे या दोन अडचणींशी झगडतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लायस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शालेय सामन्यात डोक्यावर आपटला, थोडा वेळ बाहेर बसला, पुन्हा खेळला आणि सामन्यानंतर कोसळला. तो वाचला, पण दीर्घकाळच्या अपंगत्वासह. २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा झाला: खेळाडू व पालकांनी दरवर्षी माहितीपत्रक वाचून सही करायची, संशय येताच मुलाला सामन्यातून काढायचे, आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत या विषयावर कायदे झाले.

दुसरी घटना कॅनडातली, आणि माझ्या मते अधिक बोधप्रद. मे २०१३ मध्ये ऑटावाची १७ वर्षांची रग्बीपटू रोवन स्ट्रिंगर हिच्या डोक्याला एका आठवड्याच्या आत अनेकदा मार बसला. आपल्याला कन्कशन झाले असावे अशी शंका तिला आली होती. तिने इंटरनेटवर शोधही घेतला होता, मैत्रिणींशी ती त्याबद्दल बोलली होती. पण पालकांना वा प्रशिक्षकांना काही कळले नव्हते. ती पुन्हा खेळली आणि तो सामना तिचा अखेरचा ठरला. २०१८ मध्ये ऑन्टारियो प्रांताने ‘रोवनचा कायदा’ संमत केला. माहिती रोवनपाशी होती, मैत्रिणींपाशीही होती. पण ती कोणाला सांगायची, आणि सांगणे हे चहाडी नसून कर्तव्य आहे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

कन्कशनच्या शिक्षणाचे मर्म मला इथे दिसते. गुडघा दुखावला तर मेंदू त्याची खबर देतो. मेंदूच दुखावला तर खबर देणाराच जखमी असतो. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचे विधान या एका दुखापतीच्या बाबतीत पुरावा म्हणून अग्राह्य मानावे लागते. खेळाडूच्या प्रामाणिकपणावर यात कोणताही आक्षेप नाही. ज्या उपकरणाने मोजायचे तेच बिघडले असेल तर त्याचे वाचन कोणताही प्रयोगशील वैज्ञानिक स्वीकारणार नाही, एवढाच याचा अर्थ.

नियमही शिकवतात

नोव्हेंबर २०१४ मध्ये फिलिप ह्यूज यांच्या मृत्यूने क्रिकेटजगत हादरले. मानेतील रक्तवाहिनी फाटल्याने झालेला तो मृत्यू कन्कशनचा नव्हता, परंतु डोक्या-मानेच्या दुखापतींकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशनसाठी बदली खेळाडू घेण्याची तरतूद आली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर बसला. ते ८० धावांवर बाहेर गेले, तपासणीत ठीक ठरले, परत येऊन ९२ वर बाद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लक्षणे उमटली आणि त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन खेळले. लक्षणे उशिरा येऊ शकतात, याचा एवढा जाहीर धडा दुसरा नसेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्यात भारताविरुद्धच्या कसोटीत बांगलादेशला एकाच सामन्यात असे दोन बदली खेळाडू घ्यावे लागले.

या तरतुदीचे सामर्थ्य मानसशास्त्रीय आहे. पूर्वी खरे बोलणाऱ्या खेळाडूमुळे संघाला एक माणूस कमी घेऊन खेळावे लागे. नियमाने ही शिक्षा काढून टाकली. शाळांच्या स्पर्धांतही हे सहज करता येईल.

खेळाडूंना पटेल असा आणखी एक हिशेब आहे. २०१६ मध्ये एल्बिन आणि सहकाऱ्यांनी ६९ किशोर खेळाडूंची तुलना प्रसिद्ध केली. हादरा बसताच जे मैदानाबाहेर गेले ते सरासरी २२ दिवसांत सावरले. जे खेळत राहिले त्यांना ४४ दिवस लागले. अभ्यास लहान आहे, पण त्याचा संदेश मुलांच्या भाषेत सांगता येतो: उरलेली दहा मिनिटे खेळण्याच्या हट्टापायी तीन आठवडे अधिक बाहेर बसावे लागू शकते.

आपल्या मैदानांसाठी

कायद्याची वाट न पाहता कोणत्याही शाळेला, तालमीला, कबड्डी संघाला हंगामाच्या पहिल्या दिवशी अर्ध्या तासात पुढील गोष्टी शिकवता येतील.

एक. संशय आला की खेळ थांबवायचा. त्या दिवशी परत मैदानात उतरायचे नाही, मग सामना अंतिम फेरीचा का असेना.

दोन. मित्राचे डोळे हेच पहिले तपासणी यंत्र. जोडीदार तोल सांभाळत नसेल, तोच प्रश्न पुन्हा विचारत असेल, चुकीच्या बाजूला धावत असेल, तर सरांना सांगणे ही संघनिष्ठा आहे.

तीन. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना, दोन-दोन दिसणे, वाढती गुंगी किंवा बेशुद्धी, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर मदत येईपर्यंत खेळाडूला हलवू नये.

चार. मुलाला एकटे सोडू नये, सायकलवर घरी पाठवू नये. पालकांना त्याच दिवशी कळवावे.

पाच. परतीची वाट टप्प्याटप्प्याची असते. २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेनंतर प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञमतानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि मग हलके चालणे-फिरणे. दिवसेंदिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणे आता सुचवले जात नाही. आधी अभ्यास पूर्ववत व्हावा, मग खेळ. पुढचा प्रत्येक टप्पा किमान २४ तासांचा, आणि पूर्ण खेळाआधी डॉक्टरांची संमती. मुलांना सावरायला प्रौढांपेक्षा अधिक वेळ, कित्येकदा चार आठवड्यांपर्यंत, लागतो.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ती जुन्या शौर्यकथा सांगण्याची थोडी वेगळी रीत. संदीप पाटील यांच्या १७४ धावा मुलांना जरूर सांगाव्यात. त्याच बैठकीत रमण लांबा यांचेही नाव घ्यावे. आणि ‘सर, मला गरगरतंय’ असे म्हणून जो मुलगा स्वतःहून बाहेर येईल, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला संघातल्या सर्वांना शिकवावे.

आपल्या ओळखीत क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक किंवा खेळणारी मुले असतील, तर निदान वरचे पाच मुद्दे त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावेत. होलबर्न यांचा निबंध प्रसिद्ध होऊन आठ दशके उलटली आहेत. आणखी उशीर परवडणारा नाही.